मुंबईतील मासळीची खानावळ

मुंबईत मालवणी, गोमंतकी किंवा मंगळुरी पद्धतीची मासळी देणारी जी उपाहारगृहे दादर, परळ, फोर्ट, विलेपार्ले या भागांत दिसतात, त्यांचे मूळ गिरणगावातल्या आणि गिरगावातल्या खानावळीत आहे. त्यांच्या ताटातले पदार्थ कोकणातून, गोव्यातून आणि दक्षिण कानड्याच्या किनाऱ्यावरून आले. ते सगळे एका ताटात, ठरलेल्या दराने, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून खाण्याची रीत मात्र या शहराने घडवली. तिला आजचे रूप यायला शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि त्यात गिरणीची पाळी, दारूबंदी, एक मोठा संप आणि एक नाटक यांचा हात आहे.

मासळीला मुंबईत कधीच तोटा नव्हता. सात बेटांवरचे जुने रहिवासी कोळी. वरळी, माहीम, कुलाबा, माझगाव, शीव येथे त्यांची वस्ती होती. कोळणी डोक्यावर पाटी घेऊन घरोघर मासे विकत. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले, १८७५ मध्ये ससून डॉक झाला, आणि लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाचा भाऊचा धक्का त्याच्याही आधीपासून होता. या सगळ्या ठिकाणांहून मासळी येत होती आणि ती घरी शिजत होती. पाठारे प्रभू, सारस्वत, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशा प्रत्येक समाजाची मासे करण्याची आपली तऱ्हा होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघरातील मासळीचा व्याप त्यावरून कळतो. त्या काळी असे जेवण पैसे देऊन बाहेर मिळत नसे, आणि मिळाले असते तरी पुष्कळांनी ते घेतले नसते.

याचे कारण सोवळेओवळे आणि जातीची पंगत. कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या शेजारी बसून खावे, याचे नियम कडक असताना घराबाहेरचे जेवण ही नाइलाजाची गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत गिरगाव आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात जी मराठी भोजनगृहे निघाली, ती बहुतेक ब्राह्मणी आणि शाकाहारी होती. लोकमान्य टिळकांचे १९२० मध्ये जेथे निधन झाले ते सरदारगृह आणि गिरगावातला माधवाश्रम ही त्यांतली नावाजलेली. स्वयंपाकी ब्राह्मण असला की त्याच्या हातचे बहुतेक जातींना चाले, हे त्यांच्या चालण्याचे रहस्य होते. इराण्याच्या हॉटेलात चहा, ब्रून, खिमा मिळे. कालवण-भात मिळत नसे. मासे खाणाऱ्या परगावच्या माणसाला आपल्या गावचे जेवण हवे असेल, तर ते गावच्याच कोणाच्या तरी चुलीवर शिजावे लागे.

अशा माणसांची संख्या गिरण्यांनी वाढवली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. पुढच्या अर्धशतकात लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी या टापूत गिरण्यांची रांग लागली. कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आले. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता आणि १९८१ मध्ये वेगळा झाला. कोकणात जमीन थोडी, पीक एकच, त्यात खोताचा वाटा. घरटी एक-दोन माणसे मुंबईला धाडणे आणि मनीऑर्डरीवर घर चालवणे हा तेथला शिरस्ता झाला. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी या बंदरांतून बोटीने चाकरमानी मुंबईत उतरत. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे गावचा रस्ताही जवळजवळ बंद.

बायका-मुले गावीच राहत. भाडे परवडत नसे, शेती पाहायलाही कोणीतरी हवे असे. त्यामुळे मुंबई हे पुरुषांचे शहर झाले. १९२१ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. गिरणगावातल्या चाळीत एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त पुरुष राहत. पाळीप्रमाणे झोपत आणि पाळीप्रमाणे उठत. या गड्यांना दोन वेळ जेवू घालण्याचा धंदा म्हणजे खानावळ.

हा धंदा बायकांचा होता. चाळीतलीच एखादी कामगाराची बायको किंवा विधवा, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःच्या कुटुंबाबरोबर आणखी दहा-वीस जणांचा स्वयंपाक करी. गिरण्यांतून स्त्रियांचे काम कमी होत गेले, त्याचाही याला हातभार लागला. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत पूर्वी बायका मोठ्या संख्येने होत्या. यंत्रांत बदल झाले, रात्रपाळीला बायकांना बंदी आली, आणि १९२९ च्या बाळंतपण-भत्ता कायद्यानंतर मालकांना त्या महाग वाटू लागल्या; हळूहळू त्यांची भरती आटली. गिरणीतून बाहेर पडलेल्या हातांना जवळचे काम चुलीचे होते.

खानावळीचा हिशेब महिन्याचा. कामगाराचा पगार झाला की खानावळवाली आपले पैसे घेई, मग वाण्याची उधारी फेडी. मधले दिवस तिने काढायचे असत. गडी आजारी पडला, गावी गेला, कामावरून कमी झाला, तर खड्डा तिच्या हिशेबात पडे. तांदूळ, कोळसा, रॉकेल, मासळी यांसाठी ती सावकाराकडून भारी व्याजाने पैसे उचले. संपाच्या काळात महिनोन् महिने उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायका कामगार चळवळीचा मोठा आधार होत्या. चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे पानोपानी आहेत. खानावळवालीच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद आला आहे.

गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आणि गिरणगावात कामगारांमध्ये काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते या सावकारीतून सुटका करण्यासाठी. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि लहान धंद्याला कर्ज देण्याचे धोरण आले होते. खानावळवाल्यांचे गट करून, एकमेकींची हमी घेऊन त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम मंडळाने केले. कागदोपत्री या बायका तोपर्यंत नुसत्या गृहिणी होत्या. धंदा करणाऱ्या म्हणून त्यांची नोंद होण्याची सुरुवात येथून झाली.

खानावळी जिल्ह्याप्रमाणे, कधी तालुक्याप्रमाणे वेगळ्या असत. सातारा-कोल्हापूरकडचा गडी घाटावरच्या बाईकडे भाकरी आणि झणझणीत आमटी खाई. मालवण-वेंगुर्ल्याचा गडी आपल्याकडच्या बाईकडे भात-कालवण. शहरात येऊनही प्रादेशिक चवी एकमेकींत मिसळून गेल्या नाहीत, त्याचे हे एक कारण. रोजच्या जेवणात बांगडा, तारली, मांदेली, बोंबील अशी स्वस्त मासळी असे, पापलेट क्वचित. पावसात आणि महिनाअखेर सुका जवळा, सुके बोंबील, खारा बांगडा. ताजी मासळी बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा म्हणून आमटी-भाजीवर भागे.

वाढण्यातही एक हिशेब होता. माशाची तुकडी माणशी मोजून, भात आणि कालवण पोटभर. बारा तास उभ्याने काम करणाऱ्याला पोट भरणे महत्त्वाचे, आणि बाईला मासळीच्या खर्चाला आवर घालणे. आजही मुंबईतल्या मासळीच्या उपाहारगृहात कालवणाची वाटी पुन्हा भरून मिळते आणि जादा तुकडीचे पैसे पडतात. ग्राहकाला त्यात यजमानाचे औदार्य दिसते. मुळात तो काटकसरीचा नियम आहे.

गिरगावची गोष्ट थोडी वेगळी. तेथे गिरणीकामगार कमी आणि कारकून, छापखान्यातले जुळारी, पेढ्यांवरचे नोकर, गायक-वादक, नाटकमंडळ्यांतली माणसे जास्त. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून आलेले हिंदू गोमंतकीय गिरगाव, ठाकुरद्वार, काळबादेवी या भागात स्थिरावले होते. गोव्याचे ख्रिस्ती खलाशी आणि आचारी धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कुडां’मध्ये राहत. हिंदू गोमंतकीयांच्या खानावळी घराबाहेर पडून आधी दुकानाच्या गाळ्यात गेल्या. पाटीवर ‘गोमांतक’ हा शब्द आला की आत मासे मिळणार हे सांगावे लागत नसे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईकराला गोव्याची ओळख या पाट्यांनी करून दिली होती.

खोताच्या वाडीतले अनंताश्रम हे यांतले सर्वांत गाजलेले ठिकाण. जुन्या लाकडी घरांच्या त्या अरुंद गल्लीत मासे खायला लेखक, पत्रकार, नट, वकील येत. पदार्थ मोजके, दिवसाच्या बाजारावर ठरणारे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या आणि सजावट शून्य. अनंताश्रम आता बंद झाले आहे, तरी मासळीच्या जेवणाची चर्चा निघाली की जुने गिरगावकर त्याचेच माप लावतात. या वळणाच्या खानावळींनी एक बदल मात्र नक्की केला. महिन्याच्या गिऱ्हाइकाबरोबर एकवेळच्या गिऱ्हाइकालाही ताट मिळू लागले, आणि ‘आज काय आहे’ हे फळ्यावर खडूने लिहिले जाऊ लागले.

फोर्टात गिऱ्हाईक दुपारचे होते. बँका, विमा कंपन्या, कचेऱ्या, न्यायालये यांतल्या हजारो नोकरदारांना अर्ध्या-पाऊण तासात जेवण हवे असे. डबेवाल्याच्या डब्यातून मासे आणले तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी नाक मुरडेल ही धास्ती. या गरजेवर ‘लंच होम’ नावाची उपाहारगृहे उभी राहिली. ती चालवणारे पुष्कळसे मंगळूर-उडुपी भागातले शेट्टी, पुजारी, करकेरा. याच भागातल्या लोकांनी माटुंग्यात शाकाहारी उडुपी हॉटेले चालवली. फोर्टात त्यांच्या शेजारगावच्या मांसाहारी जातींनी मासळीची बाजू सांभाळली. प्रदीप गोमांतक, महेश लंच होम, त्रिष्णा, अपूर्वा अशी नावे या भागात प्रसिद्धीला आली. महेश लंच होम १९७०च्या दशकात कावसजी पटेल रस्त्यावर कचेरीतल्या माणसांचे साधे जेवणघर म्हणून सुरू झाले आणि पुढे त्याच्या मोठ्या शाखा निघाल्या. काळा घोड्याजवळच्या त्रिष्णाचा प्रवास आणखी लांबचा. तेथला लोणी, मिरी आणि लसूण घातलेला खेकडा परदेशी पाहुण्यांत इतका गाजला की त्याच नावाचे आणि त्याच्याच प्रेरणेने निघालेले लंडनमधले उपाहारगृह २०१२ मध्ये मिशेलिनचा तारा मिळवून बसले. मंगळूरच्या कोणत्याही घरात हा खेकडा असा करत नाहीत. तो फोर्टातल्या चिनी हॉटेलांच्या शेजारात जन्मला असावा, असे त्याच्या चवीवरून वाटते.

लंच होमला रात्रीचा धंदा दारूने दिला. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली. साठच्या दशकात ती सैल झाली आणि परवान्यावर पिण्याची सोय असलेल्या ‘परमिट रूम’ निघाल्या. दुपारी राइस प्लेट देणारी जागा संध्याकाळी बिअर आणि तळलेली मासळी देऊ लागली. नफा पेल्यात होता. बशीतले मासे त्याला जोड होते. मासळीच्या पदार्थांत तळलेल्या, सुक्या, मसालेदार प्रकारांचे प्रमाण वाढले ते याच सुमारास. पेल्याशेजारी कालवण चालत नाही. बांगड्याचे तिखले, तिसऱ्यांचे सुके, कोळंबी फ्राय यांची यादी लांबली आणि भाताबरोबर खायचे पातळ पदार्थ मागे सरले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या, पुष्कळ कामगार गावी परतले. महिन्याच्या हिशेबावर चालणारी खानावळ त्यांच्याबरोबर संपली. खानावळीच्या चुली विझल्या, तरी त्यांच्यावर पोसलेली चव मागे राहिली, आणि आता तिला नवे गिऱ्हाईक मिळाले. ज्यांच्या बापाने खानावळीत दिवस काढले होते, ती बँकेत, महापालिकेत, कचेरीत लागलेली मुले घरात बायको स्वयंपाक करत असतानाही रविवारी कुटुंबासह बाहेर जेवायला जाऊ लागली. त्यांना पंखे, स्वच्छ टेबल आणि बायका-मुलांना बसायला जागा हवी होती. लालबागमधल्या क्षीरसागरसारख्या जागा, दादरला गोमांतक, सिंधुदुर्ग, पुढे चैतन्य, वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक, विलेपार्ल्याला गजाली या साऱ्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने हा वर्ग.

‘मालवणी’ हे नाव पाट्यांवर ठळक झाले तेही याच काळात. त्याआधी मासळीसाठी ‘गोमांतक’ हे नाव प्रतिष्ठेचे होते. मालवणची बोली आणि मालवणी माणूस यांच्याकडे शहरी मराठी समाज काहीसा थट्टेने पाहत असे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगमंचावर आले, मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने नाटकाचे हजारो प्रयोग गाजवले, आणि बोली एकदम लोकप्रिय झाली. जेवणालाही त्याचा फायदा झाला. मालवणी महोत्सव, मालवणी मसाल्याची पाकिटे आणि मालवणी उपाहारगृहे ही पुढच्या दोन दशकांची निपज आहे. सत्तरच्या दशकात मराठी माणसाने दाक्षिणात्यांच्या हॉटेलांना पर्याय उभा करावा अशी हाक राजकारणातून दिली जात होती, तीही या धंद्याच्या पथ्यावर पडली.

या उपाहारगृहातले ताट बारकाईने पाहिले तर त्यात कोकण किती आणि मुंबई किती हे वेगळे काढता येते. मध्ये भात, बाजूला भाकरी, चपाती किंवा वडे, एक तळलेली तुकडी, एका वाटीत कालवण, दुसऱ्या वाटीत तिसऱ्या किंवा कोळंबीचे सुके, आणि सोलकढी. कोकणातल्या घरात हे सगळे एका वेळी क्वचितच रांधले जाई. वडे तर सणाचे. तांदूळ, उडीद, मेथी, धणे यांच्या जाडसर पिठाचे हे वडे गौरी-गणपतीला, शिमग्याला किंवा पाहुणा आल्यावर कोंबडीच्या रश्शाबरोबर होत. हॉटेलाने त्यांना रोजच्या जेवणात आणले. सोलकढी घरी जेवणाच्या शेवटी भातावर ओतून घेत. नारळाच्या दुधात कोकमाचे आगळ, लसूण, मिरची घालून केलेली ही गुलाबी कढी आता पेल्यातून, पुष्कळदा जेवणाआधीच, सरबतासारखी दिली जाते.

तळलेल्या माशावरचा रव्याचा जाड थर हाही शहरी हौसेचा भाग. घरी हळद, मीठ, मिरची आणि आगळ किंवा चिंचेचा कोळ लावून मासा मुरवतात आणि तव्यावर थोड्या तेलात परततात. कोणी तांदळाचे पीठ लावतात, कोणी काहीच लावत नाही. हॉटेलात एका तव्यावर दहा-बारा तुकड्या झटपट काढायच्या असतात. रव्याच्या कवचात तुकडी फुटत नाही, रंग छान येतो, आणि मासा जरा कालचा असला तरी तो कवचाआड लपतो.

बोंबील तर या ताटातला अस्सल मुंबईकर. डोल जाळ्यात सापडणारा हा पाणीदार मासा गुजरातपासून मुंबई-रायगडपर्यंतच्या किनाऱ्यावर विपुल आहे. वर्सोवा, वसई, सातपाटी ही त्याची ठिकाणे. रत्नागिरीच्या दक्षिणेला तो फारसा लागत नाही. तरीही मुंबईच्या ‘मालवणी’ उपाहारगृहात तळलेला बोंबील हा पहिला मागवला जाणारा पदार्थ असतो. चिरून, काटा काढून, वजनाखाली दाबून त्यातले पाणी काढायचे आणि मग कुरकुरीत तळायचे, हे तंत्र उत्तरेकडच्या कोळ्यांचे आणि मुंबईच्या जुन्या जातींचे. मालवणी आचाऱ्याने ते उचलले आणि त्यावर आपला मसाला लावला.

पातळ पदार्थांत मात्र प्रांत अजून ओळखू येतात. गोमंतकी हुमणात ओले खोबरे, सुकी मिरची आणि धणे बारीक वाटलेले असतात. आंबटाला कोकम किंवा चिंच, आणि बांगड्यासारख्या तेलकट माशाला तिरफळे. मालवणी कालवणात खोबऱ्याच्या वाटपाला भाजक्या मसाल्याची जोड असते. त्या मसाल्यात मिरची आणि धण्यांबरोबर बडीशेप, दगडफूल, लवंग, मिरी असा गरम ऐवज येतो. मंगळुरी गस्सीत मेथीचे दाणे जाणवतात, आणि ‘पुळीमुंची’ ही चिंच-मिरचीची आंबटतिखट तऱ्हा खोबऱ्यावाचून चालते. कोळ्यांच्या कालवणात खोबरे कमीच. मसाला, लसूण, चिंच आणि ताजा मासा यांवर ते उभे असते. मुंबईच्या मूळ कोळ्यांचे हे जेवण उपाहारगृहांत सर्वांत कमी सापडते, हे विचित्र वाटेल. कोळ्यांकडे बोट होती, मासळी होती, बाजारात गाळा होता, घरही होते. परगावच्या एकट्या पुरुषाची गरज त्यांना नव्हती, म्हणून त्यांची खानावळही झाली नाही. वर्सोव्यासारख्या कोळीवाड्यांत अलीकडे मासळी महोत्सव भरू लागले, तेव्हा कुठे ही चव बाहेरच्यांसाठी मांडली गेली.

कोणता मासा ताटात यावा हेही चवीइतकेच सोयीने ठरते. सुरमईचा मान हॉटेलांनी वाढवला. लांबट, गोल अंगाच्या या माशाच्या तुकड्या सारख्या पडतात, मधला काटा सोडला तर त्रास नाही, आणि प्रत्येक ताटाला सारखाच दर लावता येतो. पापलेट अख्खे द्यावे लागते, म्हणून दर आकाराप्रमाणे; दरपत्रकावर त्याच्यापुढे आकडा नसतो, ‘साइजप्रमाणे’ असे लिहिलेले असते. खेकडा आणि शेवंड यांचेही तेच. बारीक काट्यांची चविष्ट मासळी, म्हणजे तारली, मुडदुशी, सौंदाळे, पंगतीत मागे पडली. ज्याला काटे काढत बसायला वेळ नाही किंवा सवय नाही, असे गिऱ्हाईक वाढले.

धंद्याचे वेळापत्रक अजून पंचांगावर आणि समुद्रावर चालते. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी गर्दी कमी, बुधवारी आणि शुक्रवारी बरी, रविवारी दुपारी दाराबाहेर रांग. आषाढ अमावास्येच्या आधी ‘गटारी’ची झुंबड उडते, आणि श्रावणात पुष्कळ टेबले रिकामी असतात. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात. सरकारी मासेमारी बंदी मात्र १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. त्या दिवसांत यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात. उपाहारगृहे बर्फात साठवलेल्या मालावर, खाडीतल्या मासळीवर आणि इतर राज्यांतून येणाऱ्या मालावर भागवतात. जुन्या वळणाच्या जागी या काळात सुक्या मासळीचे पदार्थ वाढतात, आणि जाणकार गिऱ्हाईक तेच मागतात.

साठ-सत्तरच्या दशकांत ट्रॉलर आले आणि कोळंबीची निर्यात सुरू झाली. त्यानंतर मासळीची आवक आणि किंमत यांचे जुने गणित मोडले. राज्याने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. खानावळीत स्वस्त म्हणून वाढला जाणारा बोंबील आणि बांगडाही आता स्वस्त राहिलेला नाही, आणि चांगल्या आकाराचे पापलेट निर्यातीकडे जाते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्य मासा ठरवले, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. हातभर पापलेटाची सवय असलेल्या पिढीला हल्ली ताटात दिसणारे तळहाताएवढे पापलेट पिल्लूच वाटते, आणि पुष्कळदा ते तसे असतेही.

गिरण्यांच्या जागी कार्यालये आणि मॉल आले, तशी मासळीची उपाहारगृहे ठाणे, डोंबिवली, वाशी, पुण्यापर्यंत पसरली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मालवण, तारकर्लीला मुंबई-पुण्याचे प्रवासी मोठ्या संख्येने जाऊ लागले, आणि त्यांच्यासाठी तेथे जी भोजनगृहे निघाली त्यांत सुरमई थाळी, वडे, पेल्यातली सोलकढी असे मुंबईत ठरलेले ताटच मांडले गेले. बोंबील फ्रायही तेथे मिळतो. त्याचा माल बहुतेक वेळा उत्तरेकडून आलेला असतो.